कोच टेंपल यांनी बाजूला ठेवलेला नियम



संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात शर्यतीचा दाखला आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो शाळेपासून ऐकला आहे. धावणाऱ्याचा संयम, सुकून जाणारा मुकुट आणि कधीच न सुकणारा मुकुट. करिंथपासून जवळच इस्थमियाचे खेळ दर दोन वर्षांनी भरत असत आणि पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता. म्हणजे हा दाखला त्याने ऐकीव माहितीवर दिलेला नाही. पण मला त्यात एक माणूस नेहमी कमी वाटतो. धावणारा आहे, मुष्टियोद्धा आहे, बक्षीस आहे. त्यांना शिकवणारा कुठे आहे? त्या काळच्या ग्रीक आखाड्यांत शिकवणारे असतच, आणि पौलाला ते माहीत नसतील असे मुळीच नाही. मला वाटते, त्याने शिकवणाऱ्याचा उल्लेख केला नाही कारण तो स्वतःच तिथे उभा होता. ती सगळी पत्रेच शिकवणाऱ्याची आहेत. कुणी कुठे दमला, कुणी रांग सोडली, कुणाला रागवायचे, कुणाला जवळ घ्यायचे.

धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांची वार्षिक क्रीडास्पर्धा घेताना चुना मारणे, शिट्टी फुंकणे, हरलेल्याला लिंबूसरबत देणे ही कामे माझ्याकडे असतात. मी काही खेळाडू नाही. पण या कामामुळे धावणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मागे उभ्या असणाऱ्यांकडे माझे लक्ष जास्त जाते. आज अशाच एका माणसाविषयी लिहायचे आहे, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामापुढे असलेल्या एका प्रश्नाविषयीही.

विल्मा रुडॉल्फची गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. आपल्याकडे शाळेच्या परिपाठात, तरुणांच्या शिबिरात, कधी कधी प्रवचनातसुद्धा ती सांगितली जाते. १९४० साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यात जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी. बावीस भावंडांतली विसावी. लहानपणी पोलिओ झाला, पाय वाकडा झाला, पायाला लोखंडी आधार लावावा लागला. आणि तीच मुलगी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर आणि ४ बाय १०० मीटर रिले अशी तीन सुवर्णपदके घेऊन आली. (त्याच रोममध्ये, त्याच मैदानावर आपला मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथा आला. ती हळहळ आपल्या घरांत अजून आहे.)

गोष्ट इथे संपते. सांगणारा म्हणतो, "जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही," आणि टाळ्या पडतात. मीही ही गोष्ट वर्गात सांगते आणि यापुढेही सांगेन. पण या सांगण्यात दोन माणसे गळून जातात. एक तिचा कोच, आणि दुसरे तिचे बाळ.

आधी कोच. एडवर्ड टेंपल हे नॅशव्हिलच्या टेनेसी राज्य विद्यापीठात मुलींच्या धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक होते. १९१२ साली कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उघडलेले हे विद्यापीठ. टेंपल स्वतः तिथेच शिकले, तिथेच धावले आणि १९५० मध्ये त्यांच्या हाती मुलींचा संघ आला. पगार महिना १५० डॉलर, आणि त्यातच कॉलेजच्या आवारातले पोस्ट ऑफिस सांभाळायचे! पुढे ते समाजशास्त्र शिकवू लागले. आज अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत धावण्याच्या संघाला मुख्य प्रशिक्षक असतो, उड्यांचा वेगळा, फेकीचा वेगळा, व्यायामाचा वेगळा, शिवाय डॉक्टर. इथे सगळे मिळून टेंपल एकटे. ट्रॅक मातीचा. मुलींना खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. फी भागवण्यासाठी त्या कॉलेजातच रोज काम करत आणि मग सरावाला येत. चार्ली बी., म्हणजे टेंपल यांच्या पत्नी, या घरापासून दूर आलेल्या मुलींना आईसारख्या होत्या. कागदावर त्यांचे पद कोणते, ते कुणी विचारले नाही. प्रत्येक धर्मग्रामात अशी एक तरी बाई असते.

स्पर्धेला जायचे तर टेंपल स्वतः गाडी चालवत. दक्षिणेकडची राज्ये, वंशभेदाचे कायदे. वाटेत हॉटेलात बसून जेवता येत नसे, पेट्रोल पंपावरचे शौचालय वापरता येत नसे. मुली डबे बांधून नेत, आणि बाकीच्या गरजेसाठी गाडी शेताच्या कडेला थांबे. देशासाठी पदक आणणाऱ्या मुली होत्या या. आपल्या आजी-पणजींनी पाणवठ्यावर काय काय सोसले हे ज्यांच्या घरी अजून सांगितले जाते, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

टेंपल कडक होते. सरावाला एक मिनिट उशीर म्हणजे मैदानाची एक जादा फेरी. विल्मा एकदा झोपून राहिली आणि तीस मिनिटे उशिरा आली. तीस फेऱ्या! दुसऱ्या दिवशी ती तीस मिनिटे आधी येऊन ट्रॅकवर बसली होती. अभ्यासाबाबतही तसेच. पदक हा मान आहे, पण पोट पदवीवर भरणार, हे त्यांनी मुलींच्या डोक्यात पक्के बसवले. त्यांच्या चाळीस मुली ऑलिंपिकला गेल्या, तेवीस पदके मिळवली, त्यांत तेरा सुवर्ण. आणि त्या चाळिसांपैकी जवळजवळ सगळ्यांनी पदवी घेतली. मला पहिल्या आकड्यापेक्षा शेवटची गोष्ट मोठी वाटते.

विल्मा त्यांना कुठे भेटली? बास्केटबॉलच्या मैदानावर. टेंपल शाळांच्या सामन्यांत पंच म्हणून जात. तिथे ही उंच, काटकुळी मुलगी त्यांच्या नजरेत भरली. उन्हाळ्यात ते शाळेतल्या मुलींसाठी शिबिर घेत, त्यात त्यांनी तिला बोलावले. दिवसातून तीनदा सराव, तोही दक्षिणेच्या उकाड्यात. १९५६ मध्ये सोळाव्या वर्षी ती मेलबर्न ऑलिंपिकला पोचली. २०० मीटरमध्ये पहिल्याच टप्प्यात बाहेर पडली, पण रिलेमध्ये कांस्यपदक मिळाले. त्या रिलेतल्या चारही मुली टेंपल यांच्याच होत्या. त्यांतली मे फॅग्ज ही चोवीस वर्षांची, तिसऱ्यांदा ऑलिंपिकला आलेली. निवडीच्या वेळी घाबरलेल्या विल्माला तिनेच धीर दिला, माझ्याबरोबर राहा, मी जाते तशी ये, असे सांगितले. टेंपल यांना मदतनीस नव्हते असे मी म्हटले, ते तसे खरे नाही. थोरली मुलगी धाकटीला शिकवत होती, हाच त्यांचा कर्मचारीवर्ग.

आणि मागे गेलो तर तो वर्ग आणखी मोठा होतो. विल्माची आई ब्लँच लोकांच्या घरी घरकाम करायची. कृष्णवर्णीयांवर उपचार करणारे इस्पितळ नॅशव्हिलला, घरापासून पन्नास मैलांवर. आई दर आठवड्याला मुलीला बसने घेऊन जाई, सुमारे दोन वर्षे. तिथे पाय चोळण्याची पद्धत शिकून आली आणि थोरल्या भावंडांना शिकवली. ती भावंडे दिवसातून चार वेळा तो पाय चोळत. मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवतो ना? चौघे त्याला उचलून आणतात, छप्पर उघडतात, खाली सोडतात. आणि प्रभू येशू कुणाचा विश्वास पाहतो? त्या आणणाऱ्यांचा. आजारी माणसाने अजून तोंडही उघडलेले नाही. विल्माच्या घरी ते चौघे नव्हते, डझनभर होते.

आता बाळ.

विल्मा शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना तिला दिवस गेले. लग्न झालेले नव्हते. १९५८ च्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली. घर धार्मिक, बाप्टिस्ट पंथाचे. वडिलांनी त्या मुलाला भेटायला मनाई केली, पण मुलीला घराबाहेर काढले नाही. आणि तिकडे टेंपल यांचा एक पक्का नियम होता: ज्या मुलीला मूल आहे ती संघात नाही.

हा नियम निर्दयपणाचा होता असे मला वाटत नाही. विचार करा. गरीब घरांतले आईबाप आपली सतरा-अठरा वर्षांची मुलगी दूरच्या शहरात एका पुरुषाच्या हवाली करतात, ती त्याच्या कडकपणावर विश्वास ठेवूनच. काळ असा की कृष्णवर्णीय मुलींबद्दल वाईट बोलायला लोक टपलेले. एकीचे नाव खराब झाले की सगळ्यांचे कॉलेज बंद. नियम मुलींच्या भोवतीचे कुंपण होता.

तरीही टेंपल यांनी विल्माला सांगितले की तुझी जागा आहे, तू ये. नियम त्यांनी तिच्यासाठी बाजूला ठेवला. बाळ घरच्यांनी सांभाळायचे ठरले आणि त्याच वर्षी विल्मा कॉलेजात दाखल झाली. दोन वर्षांनी रोम.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सर्वांत आधी बर्णबा आठवला. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय. योहान मार्क पहिल्या प्रवासात मध्येच सोडून गेलेला. पौलाचे म्हणणे सरळ आहे: जो कामातून निघून गेला त्याला पुन्हा न्यायचे नाही. बर्णबा म्हणतो, न्यायचे. वाद इतका वाढतो की दोघे वेगळे होतात. बर्णबा मार्काला घेऊन सायप्रसला जातो. बायबलने हा वाद झाकून ठेवलेला नाही याचे मला नेहमी बरे वाटते. पौल चुकला असेही तिथे लिहिलेले नाही. पण बऱ्याच वर्षांनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तुरुंगातून, पौल त्याच मार्काला सोबत आणायला सांगतो, तो आपल्या उपयोगाचा आहे म्हणून. आणि ज्या शुभवर्तमानात छप्पर उघडणारे ते चौघे आहेत, त्यावर परंपरेने नाव आहे ते याच मार्काचे. बर्णबाने त्या दिवशी नियमाला धरून ठेवले असते तर?

एक गोष्ट मात्र नीट पाहा. टेंपल यांनी नियम बाजूला ठेवला, शिस्त नाही. त्या तीस फेऱ्या त्याच विल्माने मारल्या ज्या विल्मासाठी त्यांनी दार उघडले होते. घरी बाळ आहे म्हणून सूट नाही, अभ्यासात सूट नाही. दया दाखवली म्हणजे अपेक्षा कमी केली असे आपण का समजतो? मला वाटते, त्या मुलीचा खरा मान त्या तीस फेऱ्यांतच होता. तिच्याकडे ते बिचारी म्हणून पाहत नव्हते.

(आणि विल्माचा तो मित्र? त्याच्या शाळेने, त्याच्या संघाने त्याच्यावर काही नियम लावला का, हे कुठल्याच गोष्टीत येत नाही. पुढे १९६३ मध्ये दोघांचे लग्न झाले.)

रोमच्या रिलेत चारही मुली पुन्हा टेंपल यांच्याच: मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि शेवटी विल्मा. उपांत्य फेरीत ४४.४ सेकंदांचा विश्वविक्रम. अंतिम फेरीत बार्बराकडून बॅटन घेताना विल्माचा हात चुकला, बॅटन पडता पडता राहिला, जर्मनीची मुलगी पुढे निघाली. विल्माने तिला गाठून मागे टाकले. ती परत आली तेव्हा तिच्या गावाने, क्लार्क्सव्हिलने, मिरवणूक आणि मेजवानी ठरवली. रीतीप्रमाणे गोरे वेगळे, काळे वेगळे. विल्मा म्हणाली, तसे असेल तर मी येणार नाही. त्या गावाच्या इतिहासात सगळे लोक पहिल्यांदा एकत्र बसून जेवले ते तिच्यासाठी. संघात जागा मिळालेल्या मुलीने सगळ्या गावाला एका पंगतीत आणले. आपण रोज ज्या मेजाभोवती जमतो त्याची आठवण मला इथे होते, याहून जास्त काही म्हणत नाही.

आता आपल्याकडे येते. ज्या मुलीविषयी लिहिणार आहे तिला विचारूनच लिहिते आहे, नाव देत नाही. तुमच्यातल्या अनेकांना ती माहीत आहे. लहान असताना माझ्याच वर्गात होती. गायनमंडळात कीबोर्ड वाजवायची. कॅन्टरचा आवाज बसला की तीच सावरून घ्यायची. गेल्या वर्षी कॉलेज सुटले. आज तिचे बाळ सात महिन्यांचे आहे, लग्न झालेले नाही. बाळाचा बाप्तिस्मा झाला, फादरांनी आनंदाने केला. ती दर रविवारी मिस्साला येते आणि शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसते. मूल रडले तर पटकन बाहेर जाता यावे म्हणून, असे ती सांगते.

नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू व्हायचा आहे आणि तिने पुन्हा गायनमंडळात येऊ का, असे विचारले. पॅरिश कौन्सिलमध्ये चर्चा झाली. काही जणांचे म्हणणे असे की वेदीजवळ उभी राहणारी मुलगी धाकट्यांसमोर आदर्श असते. हिला घेतले तर त्यांना काय वाटेल? हे म्हणणारे वाईट लोक नाहीत. त्यांच्यातल्या एका काकींनी बाळंतपणात तिच्या घरी महिनाभर डबा पोचवला आहे. म्हणून मी त्यांच्या मुद्द्याला उत्तर देते, त्यांना नाही.

पहिली गोष्ट, हा नियम नेमका कुठे लिहिलेला आहे? टेंपल यांचा नियम निदान सर्वांना माहीत होता, तो कुणी केला आणि का केला हे ठाऊक होते. म्हणूनच तो करणाऱ्याला बाजूला ठेवता आला. आपला नियम कुणी केला हे कुणालाच माहीत नाही. असा नियम कुणीच मागे घेऊ शकत नाही, कारण तो कुणाचाच नाही.

दुसरी गोष्ट, धाकट्या मुलींना काय वाटेल. मी त्यांनाच शिकवते, म्हणून थोडे सांगू शकते. त्या सगळे पाहत आहेत. ती शेवटच्या बाकावर बसते हे त्यांनी कधीच टिपले आहे. उद्या त्यांच्यातल्या एकीवर कसलेही संकट आले, मूलच असे नाही, नापास होणे असो, घरातली मारहाण असो, कुणीतरी फसवणे असो, तर ती आपल्याकडे येईल की लपवेल, हे ती आज या मुलीकडे पाहून ठरवते आहे. आदर्श म्हणाल तर मला तो तिथे दिसतो.

तिसरी गोष्ट, तासभर चाललेल्या त्या चर्चेत मुलाचा विषय एकदाही निघाला नाही. यावर मी अधिक लिहीत नाही, बैठकीत बोलेन.

आणि तिला घ्यायचे तर पूर्ण घ्यायचे. सरावाला वेळेवर येणे, चुकीचा सूर लागला तर सर्वांसारखे बोलणी खाणे, हे तिलाही लागू. तिने मला हेच सांगितले. "बाई, मला कुणी सांभाळून घेऊ नका, नुसते वाजवू द्या."

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे. सर्वांना बोलता येईल असे फादरांनी सांगितले आहे. ज्यांचे मत माझ्याहून वेगळे आहे त्यांनी तर जरूर यावे. सराव बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ असतो, आणि तेवढा वेळ बाळाला कोण घेईल हा प्रश्न कौन्सिलच्या ठरावाने सुटणारा नाही. बुधवारी मी घेते. त्या काकींनी, ज्या विरोधात बोलल्या त्यांनीच, काल मला फोन करून विचारले की बाळाला आता दुधाशिवाय काय काय चालते. शुक्रवार अजून मोकळा आहे. ज्यांना जमेल त्यांनी मला मिस्सानंतर भेटावे.